चहाआधी विचारलेला भाव

नागभीड, जानेवारी १९८६, रविवार संध्याकाळ

जर्मनीची बाई गेली. बाबांनी विणलेलं कोसा रेशीम तिनं गालाला लावलं अन् डोळे मिटले. मग मला इंग्रजीत विचारलं, भाव काय?

बाबा म्हणाले, "आधी चहा घ्या." पाहुण्यानं चहा घेतल्याशिवाय बाबा भाव बोलतच नाहीत. तिनं पुन्हा विचारलं, बाबांचं पुन्हा तेच. मी शब्द तेवढे सांगितले, रीत सांगायची राहिली. यांना विकायचंच नाही, असं वाटलं असेल तिला. घड्याळ पाहून जीपमध्ये बसली.

कॉलेजात इंग्रजी शिकले ते कशाला मग? येईल का परत? आमचं कापड गालाला लावून असे डोळे आजवर कोणी मिटले नव्हते.

बाबा अजून दारातच. "तिले चहा चालत नसन का वं?"

आईनं तिचा कप झाकून ठेवलाय.