मेणाखालची जमीन

मंगळवार, ४ फेब्रुवारी. सकाळी साडेनऊ.

खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून, चहा घेत घेत हे लिहितो आहे. किल्ली मिळाली! दोन खोल्या, भरपूर उजेड आणि सगळीकडे लाकडी जमीन. मी पाट्या रंगवतो ते दुकानही जवळच आहे. रविवारी ताई बाळाला घेऊन कायमची राहायला येणार. बाळ नुकतंच रांगायला लागलं आहे. त्याच्या गुडघ्यांना थंड फरशीपेक्षा लाकूड बरं, म्हणून तर हे घर भाड्यानं घेतलं.

मालकीणबाईंनी एकच गोष्ट बजावली. कोरड्या फडक्यानं पुसा, हवं तर वरून मेण लावा, पण जुना थर खरवडू नका. तो आहे म्हणून जमीन गप्प आहे, म्हणाल्या. मी हसू दाबून हो हो केलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी.

आज गुडघ्यांवर बसून जमीन नीट पाहिली आणि जेवण गेलं नाही. मेणाचा थर कानातल्या मळासारखा पिवळा आहे. दाबलं की नख रुततं. आत केस आहेत, टाचांच्या सालपटांचा चुरा आहे, आणि एका फटीत अख्खं नख, बहुधा अंगठ्याचं. आधीच्या भाडेकरूंचा सगळा मळ यात मुरला आहे. बाळ जे दिसेल ते तोंडात घालतं. त्याला यावर सोडू? मालकीणबाईंना कळणारही नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी.

पॉलिशवाला मशीन घेऊन आला. माझी घाई बघून म्हणाला, साहेब, जमीन हवी आहे की आरसा? मेण निघेपर्यंत त्याच्या गमती चालू होत्या. मग मशीन लाकडाला लागलं आणि खोलीत जळक्या नखांचा वास पसरला. भुसा गुलाबीसर निघाला, मऊ, बोटांना चिकटणारा. तो तोंडाला रुमाल बांधून म्हणाला, जन्म गेला लाकूड घासण्यात, लाकडाला असला वास येत नाही. इथंच थांबू या. मी ऐकलं नाही. कोपऱ्यांसकट सगळं घासून घेतलं. त्याच भुशात सरस कालवून फटी भरल्या, तशीच रीत आहे म्हणे. जाताना त्यानं हात तीनदा धुतले.

आता जमीन कशी लख्ख दिसते! वास मात्र केसांत बसला आहे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी.

फटींतला लगदा वाळला नाही. त्याच्यावर खपली धरली आहे. एक उचकटली तर खालून पाण्यासारखं काहीतरी चिकट झिरपलं. पुसलं, पुन्हा झिरपलं. फडकी कडक होऊन उभी राहतात. फळ्या कोमट आहेत. खिडकी उघडून वारा आत घेतला तर त्यांच्यावर बारीक काटा आला. अंगावर येतो तसा. मी हात फिरवून पाहिला. फिरवायला नको होता.

शनिवार, ८ फेब्रुवारी. दुपारी.

तळवे गुळगुळीत झाले आहेत. रेषा नाहीत, टाचांच्या भेगा नाहीत. मी जिथं अनवाणी फिरलो तिथं फळ्यांवर पातळ साय धरली आहे. माझ्या रंगाची.

मालकीणबाईंना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, खरवडलंस ना? मग म्हणाल्या, थर होता तोवर ती जमीन पायांचं थोडं थोडं घ्यायची, कुणाला कळायचं नाही. आता उपाशी आहे. जाड मेण चढव, आणि उघड्या अंगानं टेकू नकोस.

मेण लावलं. शोषलं गेलं. पॉलिशवाला सोमवारी गरम मेण ओततो म्हणाला. ताईला येऊ नको सांगायचं तर तिचा फोन बंद. ती निघाली असणार.

रविवार, ९ फेब्रुवारी.

बूट घालूनच झोपलो, टेबलावर. सकाळी ताईला थांब्यावरच अडवायला निघालो, दार उघडलं तर ती समोर. आत येऊ नकोस म्हणालो. हसली. म्हणाली, एवढी चकचकीत जमीन ठेवलीस आणि बहिणीला दारात उभं करतोस, शहाण्या? बाळ तिच्या कडेवरून सुळकन खाली घसरलं—

रांगत मधोमध गेलं. थांबलं. हसत होतं आधी.

उचलता येईना. गुडघे फळीला— कातडी ताणली जात होती, दुधावरची साय ओढावी तशी. ताई ओढत होती. ओढू नको म्हणालो. मी शेजारी हात टेकला, तर बाळाचा एक गुडघा सुटला आणि माझा पंजा धरला गेला. तेव्हा कळलं. मोठा तुकडा मिळाला की लहान सोडते.

मोकळ्या हातानं शर्ट फाडला. पाठीवर आडवा झालो.

बाळ मोकळं. ताईला ओरडून बाहेर घालवलं. जिन्यातून बाळाचं रडणं ऐकू येतं. गुडघे सोललेत, पण रडतंय, चांगलं जोरात.

पाठ आता कुठे संपते ते कळत नाही. ऊब येते. सुखाची आहे, हेच किळसवाणं—

वही पँटच्या खिशात होती. उजवा हात मोकळा आहे तोवर हिशेब लिहितो, म्हणजे मागाहून ताईला कुणी छळणार नाही. मेण ४००, दिले. पॉलिश पेपर १२०, सरस ९०, दिले. मशीनचं भाडं ६५०, दिलं. पॉलिशवाल्याची मजुरी ५००, देणे. सोमवारी तो आला तर आत— दारातूनच द्यावी. मालकीणबाईंकडे अनामत ८०००, येणे. ती ताईची. दुकानातून आठवड्याचा पगार १८००, येणे. तोही ताई—