साधी सूज

हेजेगाव, १२ ऑक्टोबर

दादाला धाकट्या लानफनचा नमस्कार.

मी बरी आहे. नदीकाठी थंडी पडलीय, पण तू दिलेला कोट पुरतो. रोज माशाचं सूप मिळतं, जेवणाची आबाळ नाही.

आरोग्याची पाहणी संपत आली. शाळेतला भाषेचा वर्ग मात्र नावापुरता. पोरं तीन शब्द म्हणतात आणि खेळायला पळतात. आपली हेजे भाषा धड बोलणाऱ्या आता एकट्या यौ आजी उरल्यात. त्यांना यकृताचा कॅन्सर आहे. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे घरच्यांनी त्यांना सांगितलंय, साधी सूज आहे. पाहणीच्या फॉर्मवर मीही तेच लिहिलं.

काल आजी म्हणाल्या, "पोरी, तुझं ते आवाज टिपायचं यंत्र लाव. मेलेल्या माणसाला वाट सांगायचे बोल शिकवते. नीट पाठ कर."

"एवढी घाई कशाला, आजी? साधी सूज तर आहे."

"हो गं, सूजच आहे," त्या हसल्या. "पण माझ्या पोरांना ते बोल कुठे येतात? तुलाच म्हणावे लागतील."

मी पाठ केले. माझ्या वेळी म्हणायला कुणीच नसेल.

दादा, आईच्या पोटदुखीलाही तू फोनवर साधी सूजच म्हणालास. मला तरी खरं कळव.

तुझी,
लानफन