रामप्रसादची घमेली

वाळूज, फेब्रुवारी २००४

नामाजी भावा, तुझ्या अक्काचा आशीर्वाद घे.

पयले सांगते, माझ्या नातवाची नोकरी टिकली. रामप्रसादचा घोर सोड, अन् बिडी बी.

कारखान्यात वाया गेलेल्या रबराचा चुरा भंगार प्लास्टिकात मिसळून घमेली करतेत. रामप्रसादच्या दोन खेपा फसल्या. एकीत रबर जास्ती झालं, तर भरलेलं घमेलं लोंबाया लागलं. दुसरीत कमी, तर तडकलं. मालक म्हणला, तिसरी बिघडली तर गावी जा. मालकाचं हे बोलणं तुला कळवलं न्हाई, उगाच जवळा बाजार गावभर बोंबलला असता.

मग रबर बेताचं घालून केलेल्या तिसऱ्या खेपेच्या घमेल्यात पोरगं वजनं ठेवून बघून राहिलं. म्या म्हणलं, "येड्या, घमेलं वजनानं न्हाई फुटत. सुकलेला सिमेंटचा माल काढाया बाया ते दगडावर उपडं आपटतेत, तवा फुटतं." सेनगावला बांधकामावर म्या चार वर्सं हेच केलं ना.

मग शेजारच्या बांधकामावरच्या बिलकीसला एक दिलं. तिनं दिसभर आपटलं. सांजच्याला मालकालाच म्हणली, "साहेब, पत्थर टूट गया, घमेला नै टूटा." मालक हासला अन् हजार घमेली कर म्हणला.

पोराच्या हाताला जरासे चटके बसलेत, बाकी काई न्हाई. माझी भावजय सत्यशीला गुडघ्याला तेल लावती का? शेळी व्याली का?

रामप्रसाद महिन्यानं पोटभर जेवून भरदुपारी घोरून राहिला. त्याला उठवत न्हाई, म्हणून पाकिटावरचा पत्ता बी माझ्याच वाकड्या अक्षरात. पोस्टमन कुरकुरला तर त्याला माझं नाव सांग.

तुझी बहीण,
सत्यभामा