रॉकेटची वात

१२ जानेवारी
नवी चादर जळाली! सोलापुरी, दोनदाच अंथरलेली. शाळेतून रिटायर झाल्यावर लोक नातवंडं खेळवतात. आमचे हे पुठ्ठ्याची रॉकेटं उडवतात. ती पेटवायची वात — इग्नायटर म्हणे — तीही घरीच करतात. तारेचं इवलं वेटोळं, वर फटाक्यासारखा मसाला. तोच पलंगावर सांडला अन् भडकला. मीही भडकले. "झडोत तुमना हात!" — ऐन दिवेलागणीला बोलले.

१३ जानेवारी
सकाळी यांच्या हातातून चहाचा कप सुटला. उजवा हात लुळा. तोंड वाकडं. नंदुरबारला ॲडमिट केलंय.

२ फेब्रुवारी
घरी आणलं. डॉक्टर म्हणतात, बी.पी.मुळे झालं. मला विचारा ना! तिन्हीसांजेला वास्तू तथास्तु म्हणते, हे आईने शंभरदा सांगितलं होतं. माझी जीभच का नाही झडली?

१९ फेब्रुवारी
अडखळत बोलतात आता. पण दिवसभर खिडकीतल्या त्या रॉकेटकडे बघत बसतात. म्हटलं, तुम्ही सांगा, वात मी करते. वाती वळण्यातच तर जन्म गेला माझा!

२४ फेब्रुवारी
तापीकाठी गेलो. शेजारच्या योगेंद्रभाऊंनी यांच्यासाठी खुर्ची आणली. यांनी डाव्या हाताने बटण दाबलं — काहीच नाही! मी बघायला उठले तर ओरडले, "थांब! जवळ जावानं नही!" बऱ्याच वेळाने बॅटरी सोडवून पाहिलं. मी सवयीने देवाच्या वातीसारखं घट्ट वळलं होतं. वेढे एकमेकांना टेकले की तार तापतच नाही म्हणे.
"वात नही वं, स्प्रिंग शे ती!" — आणि हसले. दवाखान्यानंतर पहिल्यांदाच. मी पदर तोंडाला लावून रडून घेतलं.

८ मार्च
उडालं!! सरळ वर — आणि पार पलीकडच्या केळीत जाऊन पडलं. योगेंद्रभाऊ शोधायला गेले. आम्ही दोघंच उरलो. मग मला राहवेना. वाळूत बसून हात जोडले, सगळं बोलून टाकलं — माझ्या तोंडून शब्द गेला अन् तुमचा हात गेला, मला माफ करा. तेवढ्यात योगेंद्रभाऊ रॉकेट घेऊन परतले.

९ मार्च
आज त्यावर बोलले. "येडी शे का तू? हातले मुंग्या तं घोडास्नी जत्रापासूनच येत व्हत्यात. तू चिडशी म्हणीसन सांगं नही."
जत्रा तर डिसेंबरातली; माझ्या चिडण्याला भ्यायले नसते तर तेव्हाच डॉक्टरकडे गेलो असतो. म्हणजे शाप लागलाच नव्हता. लागला असता तर बरं झालं असतं.