कोहळ्याच्या वड्या आणि बाबांचा डोळा

नागपूर,
८ डिसेंबर १९५७

ती. आत्याबाईंच्या चरणी राजकुमारीचा नमस्कार. वि. वि.

घडलं ते असं:

१. बाबांना दवाखान्यातून माझ्या खोलीवर आणलं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं आहे.
२. माझ्या हातचं जेवण त्यांनी दोन दिवस मुकाट्यानं खाल्लं. तिसऱ्या दिवशी अर्धं ताट परत केलं.
३. काय हवं ते विचारलं. म्हणाले, कोहळ्याच्या वड्या.
४. मी वड्या घातल्या. त्या बिघडल्या.
५. त्या खाऊन बाबांनी पिशवी भरली आणि गोंदियाची गाडी किती वाजता असते ते विचारलं.

काळजी पाचव्या कलमाची आहे. चष्मा मिळेपर्यंत डॉक्टरांनी धूळ, धूर, वाकणं आणि ओझं उचलणं, सगळ्यांना मनाई केली आहे. चष्मा संक्रांतीनंतर मिळेल. गावी मुर्रीला सध्या धानाची मळणी चालू असेल. आपण खळ्याकडे फिरकणार नाही असं बाबा म्हणतात. तुम्हाला ते खरं वाटणार नाही, मलाही वाटत नाही. त्या भुशात गेले तर हा डोळा जाईल, आणि डाव्या डोळ्यानं त्यांना आताच समोरचा माणूस ओळखू येत नाही. नाताळपर्यंत थांबतो एवढं कसंबसं कबूल केलं आहे. पिशवी मात्र दाराशीच आहे.

वड्यांचं सांगते. उडदाची डाळ रात्री भिजवली, सकाळी पाट्यावर वाटली, वाटताना नळाचं पाणी घेतलं. कोहळा किसून फडक्यातून घट्ट पिळला आणि ते पाणी टाकून दिलं, कारण ओल राहिली तर बुरशी येते. मग फेटलं आणि गच्चीवर जुन्या धोतरावर वड्या घातल्या. अर्ध्या वड्या होईपर्यंत पीठ सैल पडलं. वाळल्यावर चपट्या आणि दगडासारख्या झाल्या, वांग्याच्या रश्शात कितीही शिजवल्या तरी मधे पांढऱ्याच राहिल्या. मी दिवसभर प्रयोगशाळेत लोकांच्या पिठातली भेसळ शोधते, हे बाबांना ठाऊक आहे. त्यांनी एक वडी बराच वेळ दाढेखाली धरली आणि म्हणाले, पिठात खडे येतात कुठून ते आज समजलं.

मला त्या वड्यांची चव नीट आठवते, कृती आठवत नाही. मी लहानपणी फक्त फेटत असे, बाकी सगळं तुम्ही करत होता. तरी डाळ किती, कोहळा किती, किती वेळ फेटायचं, हे मापासकट कळवावं. ‘अंदाजानं’ असं लिहू नये.

तुमच्या प्रकृतीचं कळवावं. लोभ आहेच, तो असाच राहो.

आपली,
राजकुमारी

मुर्री, पो. गोंदिया, जि. भंडारा
ता. १४ डिसेंबर

चि. राजकुमारीस तुलसाचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं. पहिले हसू आलं, मंग राग आला. येवढं शिकली अन् कोहळ्यापुढं हरली! कोहळ्याचं पाणी काऊन फेकलं गं? त्याच पाण्यात डाळ वाटाव लागते. नळाचं पाणी कायले? त्यात का चव हाये? माप मांगतेस तं घे माप: डाळीहून कोहळा दुप्पट. पिठाचा थेंब पाण्यात टाकून पाहाव. तरंगलं तं झालं, बुडलं तं फेटत राहाव. घड्याळ पाहू नको, पाण्यात पाहा.

पण तुझी खरी चूक दुसरीच हाये. वड्या का एकटीनं घालतेत? एक जण फेटत राहते, दुसरी घालत राहते. हात थांबला का पीठ बसते. तू फेटून ठेवलं, मंग घालाले बसली, मंग पीठ का तुझी वाट पाहीन?

आता सांगू का नको सांगू करून राहिली होती, पण सांगतो. तू नागपुराले गेली तवापासून आपल्या घरी फेटते कोण? उदेभाऊ. हो, तुझा बाप. पहिल्या साली मी एकटीच फेटून राहिली होती, हात भरून आला, वड्या बसल्या. भाऊनं पाहिलं, आंगणाचं दार लावलं, कडी घातली अन् पिठाचं पितळी कोपर मांडीवर घेऊन बसला. तवापासून दर साल दार लावूनच फेटते. पटेलकी करणारा माणूस बाईकाम करते हे गावाले दिसू नये म्हणून मले शपथ घातली हाये. ते मी आता मोडली. देव मले पाहून घेईन.

तवा तू त्याले काही पुसू नको. पीठ वाट, कोपर त्याच्या पुढं ठेव अन् बाहीर निघून जाय.

धान चुरणं बरोबर चालू हाये म्हणून सांग त्याले. धनलाल सारं पाहून राहिला. तुझा चुलतभाऊ काय म्हणते मालूम? काकाजी नाहीत तं बैलायलेही औंदा शिव्या भेटल्या नाहीत, लठ्ठ झाले. भाऊले हेही सांग, म्हंजे चिडून का होईना, जेवीन.

मी बरी हाये. यंदा वड्या घातल्या नाहीत. फेटाले कोण हाये?

तुझी आत्या,
तुलसा

नागपूर,
२८ डिसेंबर १९५७

ती. आत्याबाईंस सा. न. वि. वि.

नाताळ होऊन गेला. बाबा अजून इथेच आहेत.

तुम्ही लिहिलंत ते मला ठाऊक नव्हतं. त्याविषयी एवढंच.

आधी मी डॉक्टरांना विचारून आले की ताठ बसून, मान न वाकवता हातानं पीठ फेटलं तर चालेल का. त्यांनी कोण फेटणार ते विचारलं. मी पेशंट म्हटल्यावर त्यांनी बाबांचा कागद पुन्हा काढून पाहिला. मग चालेल म्हणाले. रविवारी डाळ कोहळ्याच्याच पाण्यात वाटली. कोपर नव्हतं, पितळी परात स्टुलावर ठेवली, म्हणजे वाकायला नको. स्टूल बाबांच्या खाटेपुढे सरकवलं आणि मी नळावर निघून गेले. परत आले तेव्हा दार आतून लावलेलं होतं. मी बाहेरच उभी राहिले. परातीचा आवाज ऐकू येत होता.

कडी उघडली ती शेजारच्या शकुंतलाबाईंमुळे. त्या वरवंटा मागायला आल्या आणि त्यांनी दार वाजवलं. कोपरापर्यंत पीठ, डोळ्यावर हिरवी पट्टी, अशा अवतारात बाबा दारात! शकुंतलाबाईंनी विचारलं की तुमच्याकडे वड्या पुरुष करतात का. मला वाटलं, आता पिशवी उचलतात. बाबा म्हणाले, आमच्याकडे बायका बिघडवतात तेवढ्याच पुरुष करतात.

मग ते गच्चीवर आले. ते फेटत होते, मी घालत होते. थेंब पाण्यात टाकून पाहिला, तरंगला. पाण्यापेक्षा हलका झाला, म्हणजे आत हवा भरली, हे कारण मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, हवा नाही, हात भरला. तुमच्या दोघांची आई वड्या घालताना कुणाला बोलू देत नसे, त्यामुळे तुम्ही दोघं खुणांनी भांडत होता, असं त्यांनी सांगितलं. खुणाही करून दाखवल्या. एक बरीच वाईट आहे.

वड्या पांढऱ्या आणि पोकळ वाळल्या. काल वांगी घालून केल्या. बाबांनी दोनदा भात घेतला आणि मीठ कमी आहे म्हणाले. मीही दोनदा घेतला. चव तीच होती.

आता अडचण. जेवून हात धुताना त्यांनी विचारलं की तुलसाच्या वड्यांचं काय. तुम्ही घातल्या नाहीत हे मला सांगावं लागलं. तेव्हापासून एकच धरून बसले आहेत: थंडीचं ऊन थोडेच दिवस राहतं, छपरावरचे कोहळे सडतील, मी मुर्रीला जातो, तुलसाला फेटून देतो आणि परत येतो. ते परत येणार नाहीत. खळं अंगणापासून हाकेवर आहे.

म्हणून कोहळे घेऊन तुम्हीच इथे यावं. गच्ची मोठी आहे. विचार करावा, रागावू नये.

आपली,
राजकुमारी

मुर्री,
ता. १ जानेवारी

चि. राजकुमारीस अनेक आशीर्वाद.

भाऊ दोनदा भात जेवला, वाचून जीव निवला. पण माझं येणं कसं होईन? गाय गाभण हाये. धान घरात यायचं हाये. अन् कोहळे डोक्यावर घेऊन म्हातारी आगगाडीत चढली तं लोक म्हणतीन, तुलसा बजाराले निघाली. तुझ्या गच्चीवर परक्या बायांपुढं भाऊ फेटून राहिला अन् मी घालून राहिली, हे साऱ्या नागपुरानं पाहाव का? लाज नाही वाटणार त्याले? मले तं वाटीन. त्याले म्हणाव, चूप बसून राहा, डोळा सांभाळ, वड्या पुढच्या साली.

ते वाईट खूण त्यानंच काढली होती, मी नाही.

तुझी खोली केवढी हाये? दोन खाटा मावतेत का?

तुझी आत्या,
तुलसा

नागपूर,
४ जानेवारी १९५८

ती. आत्याबाईंस सा. न. वि. वि.

खोलीत दोन खाटा मावतात. तुम्ही आणि मी एकीवर, मी बारीक आहे.

तुम्ही घरची अडचण सांगाल हे धरून धनलालदादांना मी २८ तारखेलाच लिहिलं होतं. त्यांचं उत्तर तुमच्या पत्राच्या आधी आलं: गाय ते पाहतील, धान त्यांच्याच देखरेखीखाली घरात येईल, आणि कोहळे पोत्यात घालून शनिवारी ११ तारखेला सकाळच्या गाडीनं ते तुम्हाला स्वतः आणून सोडतील. तुम्ही निघालात तर बैलांना आणखी शांतता मिळेल, असंही त्यांनी लिहिलं आहे. मी स्टेशनवर येईन.

लाजेचं म्हणाल, तर ती वेळ टळून गेली आहे. शकुंतलाबाई रोज संध्याकाळी आपल्या यजमानांना बाबांकडे पाठवतात, फेटायचं कसं ते शिकायला. यजमानांना येत नाही. बाबा त्यांना ओरडतात. बाबा इथे आल्यापासून त्यांचा एवढा मोठा आवाज मी प्रथमच ऐकला.

ऊन चांगलं आहे. रविवारी १२ तारखेला माझी सुटी आहे. तुम्ही घालाल, बाबा फेटतील. मी कोहळा किसेन, मला तेवढंच नीट येतं. तुम्ही आलात तर बाबा चष्मा मिळेपर्यंत हलणार नाहीत. मलाही तुम्ही हव्या आहात.

बाबा म्हणतात, उत्तर कशाला मागतेस, ती येईलच. मला लेखी हवं. येता की नाही ते गुरुवार ९ तारखेपर्यंत कळवावं.

आपली,
राजकुमारी