दोन घरचा पाहुणा

३ नोव्हेंबर, सोमवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि आज मी खूश आहे. बावीस वर्षं नर्सेसच्या हॉस्टेलात दुसरीच्या ओल्या टॉवेलखाली झोपल्यावर आता मला स्वतःची खोली मिळाली. खिडकी आहे, टेबल आहे, आणि पलंग इतका रुंद की उभं-आडवं कसंही लोळावं. माझ्या तोंडापायी दोन हॉस्पिटलं सुटली. इथे तोंड मिटून राहायचं, असं स्वतःला बजावलं आहे. बघू किती दिवस जमतं ते.

पेशंट दुसऱ्या मजल्यावर. सगळे त्यांना साहेब म्हणतात. वय शहात्तर. नळांचा कारखाना काढून त्यांनी हे सगळं उभं केलं. शहरातल्या निम्म्या घरांत त्यांचेच नळ आहेत. मनाचा आजार तरुणपणापासूनचा, आता त्यात विसरणंही आलं. अंगाने मात्र दणकट. मला पाहून उठून उभे राहिले, खुर्ची दिली, प्रवासात त्रास तर झाला नाही ना, असं विचारलं. मग बाथरूममध्ये जाऊन सगळे नळ घट्ट बंद आहेत ना ते बघून आले. दिवसातून चाळीसदा बघतात म्हणे. बघू देत, कुणाचं काय जातं.

घरात बाई आहेत, म्हणजे साहेबांची दुसरी बायको. साठीच्या, केस कायम आत्ताच पार्लरमधून आल्यासारखे. त्यांचा पहिल्या नवऱ्यापासूनचा मुलगा छत्तीस वर्षांचा आहे आणि त्याला सगळे बाळ म्हणतात. हे बाळ दुपारी बारापर्यंत झोपतं. आणि ताई, साहेबांची पहिल्या बायकोपासूनची मुलगी, पन्नाशीच्या. त्यांची आई त्या बारा वर्षांच्या असताना हृदयविकाराने गेली. ताई आणि बाई एका जिन्यावर समोरासमोर आल्या की दोघींपैकी एक मागे वळते.

४ नोव्हेंबर, मंगळवार

या घराची तऱ्हा कळली. साहेब वार लावून वाटून घेतले आहेत. सोमवार-बुधवार-शुक्रवार बाईंचे, मंगळवार-गुरुवार-शनिवार ताईंचे. रविवारी कुणीच जात नाही, साहेबांना सुट्टी. दोन्हीकडच्या वकिलांनी बसून हे ठरवलं. सकाळी आठला खोलीतले फोटो बदलतात. आज बाईंचे फोटो उतरले आणि ताईंच्या आईचे चढले. साहेब पलंगावर बसून खिळ्यांकडे बघत होते. उद्या पुन्हा उलटं. शहाण्या माणसालाही वेड लागेल, याचं तर आधीच हललेलं आहे.

भांडण मृत्युपत्राचं. जुनं आहे त्यात घर आणि कारखाना बाईंच्या नावावर. ताईंना ते बदलून हवं आहे, बाईंना आणखी पक्कं करून हवं आहे. सही कुठलीही असो, ती करताना साहेब शुद्धीवर होते असं डॉक्टरांनी लिहून द्यायला हवं. म्हणून दोन्ही बाजू त्यांच्या बऱ्या दिवसाची वाट बघत बसल्या आहेत. कुणी चोरून बोलणं टिपू नये म्हणून खोलीत फोन न्यायला बंदी. माझाही खाली टोपलीत ठेवावा लागतो. ही डायरी मात्र ॲप्रनच्या खिशात असते, कारण औषधांच्या नोंदी हिच्यातच आहेत.

९ नोव्हेंबर, रविवार

तोंड मिटून राहायचं जमलं नाही. सहा दिवस टिकले, माझ्या मानाने पुष्कळच.

साहेबांचं वजन केलं. गेल्या महिन्याच्या आकड्यापेक्षा नऊ किलो कमी. स्वयंपाकीणबाईंना धरलं तेव्हा कळलं की ताट परत येतं आणि कुणी विचारत नाही. बाईंना वाटतं ताईंच्या दिवशी जेवले असतील, ताईंना वाटतं बाईंच्या. आणि ते का जेवत नाहीत, तर दोघींनी आपापल्या वारी त्यांच्या कानात भरलं आहे की दुसरी तुम्हाला विष घालते. दोन घरचा पाहुणा उपाशी ही म्हण शाळेत पाठ केली होती. एका घरात, स्वतःच्याच घरात उपाशी राहणारा पाहुणा मी पहिल्यांदा बघितला.

खाली जाऊन तिघांनाही ऐकवलं. बाळ म्हणाला, सिस्टर, आवाज खाली. मी म्हटलं, तुमची झोप मोडली का. आयत्या बिळावरचा हा नागोबा मला आवाज शिकवतो. 

११ नोव्हेंबर, मंगळवार

तीन दिवस घोटभर पाण्यावर. सलाईन लावलं की उपटून टाकतात. माझ्या हातचंही घेत नाहीत.

ताई दुपारी एक पिशवी घेऊन माझ्या खोलीत आल्या. त्यात त्यांच्या आईचा निळा स्वेटर, सोनेरी काड्यांचा चष्मा, आणि अत्तराची जुनी बाटली. म्हणाल्या, बाबा फक्त आईच्या हातचं खायचे, तुमची चण तिच्यासारखीच आहे. मी हाकलून दिलं. पेशंटशी खोटं वागायचं नाही हे मी पहिल्या वर्षी शिकले. तासाभराने जाऊन साहेबांची जीभ पाहिली. लाकडासारखी कोरडी. मग मी तो स्वेटर घातला.

जेवले. वाटीभर सूप, दोन अंडी, केळं. एकदाही नजर उचलली नाही, शाळेतल्या पोरासारखे मान खाली घालून जेवत होते. माझं चुकलं असेल. पण माणूस जेवला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काल ताईंनी ट्रेमध्ये रुमालाखाली कागद आणि पेन ठेवलं होतं. म्हणाल्या, आई म्हणून सांगा, सही करतील. मी कागद फाडून त्यांच्या हातात दिला. आज बाईंची स्वारी. त्यांना स्वेटरचं कळलं आहे. मला वाटलं कामावरून काढतील. तर त्या म्हणतात, आमच्या वारीही घाला, आणि पहिलीच्या तोंडून त्यांना सांगा की मी तुम्हाला माफ केलं, सगळं दुसरीला देऊन टाका.

मेलेल्या बाईकडूनही कामं करून घ्यायची यांना. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं म्हणतात ती हीच. आणि स्वेटर माझ्या अंगात आहे, म्हणजे वाटी माझ्याच हातात आहे. या विचाराने जास्तच संताप येतो.

माफ कशाबद्दल, ते बाईंना विचारायचं राहिलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

स्वेटर घातल्यापासून आज पहिल्यांदाच साहेबांनी जेवताना माझ्याकडे पाहिलं. नीट, शांतपणे. चमचा खाली ठेवला, तोंड पुसलं आणि विचारलं, तू बाहेर कशी आलीस.

मला कळलं नाही. त्यांनी कपड्यांच्या खोलीकडे बोट केलं. त्यांच्या खोलीतच ती आहे, अरुंद, बिनखिडकीची, बाहेरून अडसर असलेली. म्हणाले, अडसर मी स्वतः लावला होता. तीन दिवस काढला नव्हता. मग तू कशी आलीस.

मी उठून बाथरूममध्ये गेले आणि स्वेटर काढला. परत आले तरी ते तसेच बघत होते, जसं काही मी अजून तोच घातला आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ताईंना गाठून सगळं सांगितलं. त्या रागावतील, रडतील, मला खोटारडी म्हणतील असं वाटलं होतं. त्या बराच वेळ टेबलक्लॉथची सुरकुती बोटाने सपाट करत बसल्या. मग म्हणाल्या की त्या तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. दार वाजत होतं. बाबा म्हणाले, आई रुसली आहे, तिला एकटं राहू दे. त्यांनी ऐकलं. शहाण्या मुलीसारखी रोज शाळेत गेले, म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी वाजायचं थांबलं. डॉक्टर घरचेच होते, त्यांनी हृदयविकार लिहिलं.

मला त्यांचा हात धरावासा वाटला. धरलाही. आणि त्याच हाताने माझं मनगट पकडून त्या म्हणाल्या, हे बाहेर गेलं तर बाबांच्या कुठल्याच सहीला किंमत राहणार नाही.

मी हात सोडवून घेतला. आता लिहितानाही किळस येते आहे. बारा वर्षांच्या पोरीची कीव येते. पन्नास वर्षांच्या बाईची नाही येत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

साहेब आता नळ बघत नाहीत. अडसर बघतात. लावतात, काढतात, लावतात. मला बघितलं की हात मागे घेतात.

नोकरी सोडते म्हणून सांगितलं. खाली गेले तर जेवणाच्या टेबलाशी ताई आणि बाई एका बाजूला बसलेल्या, मधे बाळ, समोर कागद. तडजोड झाली. निम्मं-निम्मं. गुरुवारी अकराला डॉक्टर आणि वकील येणार, साहेब सही करणार. तिघं मला म्हणाले, तेवढे दोन दिवस थांबा, तुमच्याशिवाय ते जेवत नाहीत आणि उपाशीपोटी त्यांचं डोकं चालत नाही.

जा म्हणत होतं मन. पण हे खरं आहे की ते माझ्याशिवाय जेवत नाहीत. गुरुवारी डॉक्टर येतील तेव्हा त्यांच्याच कानावर सगळं घालते आणि साहेबांना इथून हॉस्पिटलात हलवायला लावते. मगच जाईन. हे मी खाली कुणाला सांगायला नको होतं. रागात बोलून गेले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी दहा-चाळीस. घड्याळ ॲप्रनला आहे म्हणून कळतं आहे.

मी कपड्यांच्या खोलीत आहे. बाई म्हणाल्या, साहेबांचा तपकिरी कोट काढा, डॉक्टर यायचेत. मी आत वाकले. मागून दार लागलं. अडसर बसल्याचा आवाज. साहेबांचा आवाज, अगदी मऊ — आता रुसून बस हवं तेवढं.

दाराखाली बोटभर फट आहे. तिच्यापाशी पालथी पडून लिहिते आहे. उजेड तेवढाच, हवाही तेवढीच.

दहा-पन्नास. ओरडले. बाई आल्या, ताई आल्या. त्यांच्या चपला दिसतात. मी म्हटलं, अडसर काढा. साहेब म्हणाले, ती रागावली आहे, राहू द्या. आणि हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

बाई ताईंना म्हणाल्या, किती शांत झालेत बघा.

दोघी थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग ताई खाली वाकून म्हणाल्या, सिस्टर, अर्धा तास.

अकरा-दहा. डॉक्टर आले. तारीख विचारली, साहेबांनी बरोबर सांगितली. वार, साल, कारखान्याचं नाव. सगळं बरोबर. मी दार बडवते आहे. डॉक्टरांनी विचारलं हे काय. बाळ म्हणाला, शेजारी फरशीचं काम काढलंय.

फरशीचं. मी माझं नाव ओरडून सांगितलं. तेवढ्यात कुणीतरी बाथरूममधले सगळे नळ सोडले. त्या पाण्याच्या आवाजात —

डॉक्टरांनी विचारलं, मिसेस कुठे आहेत. साहेब म्हणाले, तिच्या खोलीत. बाई तिथेच होत्या, म्हणून थट्टा समजून सगळे हसले. बाईही हसल्या.

अकरा-पस्तीस. सही झाली. कप-बश्यांचा आवाज. अभिनंदन.

बारा वाजून गेले. डॉक्टर गेले. आता काढतील.

एक. काढत नाहीत. दार उघडलं तर मी बोलेन, आणि मी बोलले तर ती सही रद्दी. हे मला आत्ता कळलं. त्यांना अकरा-दहालाच कळलं असणार.

दाराच्या आतल्या बाजूला खाली रंग खरवडलेला आहे. वरून पुन्हा रंगवलेला, पण बोटाला लागतो. मी फटीपाशी जिथे पडले आहे तिथेच.

साहेब खुर्ची घेऊन दाराशी बसले आहेत. त्यांचे पाय दिसतात. म्हणतात, जेवलीस का. विचारतात पुन्हा पुन्हा. मी म्हटलं, साहेब, मी सिस्टर, मी तुम्हाला सूप भरवलं. ते म्हणाले, हो, म्हणून तर परत घेतलं तुला.

दोन-वीस. त्यांना कुणीतरी हात धरून नेलं. आता काढ—

नाही. आवाज दोन बायकांचे. हळू. एक म्हणते, घडी जाड घ्या. दुसरी म्हणते, तुम्ही तिकडून धरा.

टॉवेल आहे. फटीत खुपसतायत. डावीकडून अंगठीचा हात, तो बाईंचा. उजवीकडून ताईंचा, तोच हात, मी धरलेला. काय नेटकं काम चाललंय दोघींचं. या घरात आज पहिल्यांदा

मधे वीतभर उजेड आहे अजून. मी बोटं बाहेर घातली. ताईंनी ती एकेक करून आत

चार बोटं उरला. दिसेल तेवढं लिहिते. सही खोटी आहे. पहिल्या बायकोला यानेच, आणि मला या दोघींनी, नावं लिहिते, ताईंचं नाव