सुनेच्या कुशीवरचा आळ काढून मिळणेबाबत

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
परभणी.

विषय: माझ्या सुनेचे मूल दगावल्याचे कारण लेखी मिळणेबाबत.
संदर्भ: आपल्या कचेरीच्या पायरीवर शिपाईमामांना केलेला तोंडी अर्ज.

महोदय,

अर्जदार शाळेत गेलेली नाही. पोराच्या पुस्तकावरून अक्षर शिकली. ओळ वाकडी गेल्यास माफी असावी.

१. पौषात आमच्या सरकारी योजनेतल्या कोंबड्या माना टाकून मेल्या. पंचनामा होईपर्यंत पुरू नका, असा निरोप आला. मुलगा मुंजाजी ऊसतोडीला, मी कापूस वेचायला. सून चांगुणा आठव्या महिन्यात मेलेल्या कोंबड्या कुत्र्यांपासून राखत बसली. पंचनाम्याचे साहेब आले, नाकाला रुमाल लावून लांब उभे राहिले. शिपायाला म्हणाले, "हात लावू नको रे." सुनेला म्हणाले, "बाई, एकेक उचलून दाखव." तिने दाखवली.

२. त्याच आठवड्यात तिला ताप आला, श्वास पुरेना. पोटातलं हलायचं थांबलं. मुलगी मेलेलीच जन्मली. सून वाचली.

३. माझे थोरले दीर आबासाहेब म्हणतात, "हिची कूसच नासकी हाय, पोराला दुसरी करू." मी विचारलं, "कोंबड्यांची बी कूस नासकी व्हती का, भावजी?" त्यांनी त्या दिवशी जेवण सोडलं, हट्ट सोडला नाही. मुंजाजी चुलत्यापुढे मान वर करत नाही.

४. गुरांच्या दवाखान्यात म्हणाले, बाईचं आम्ही लिहीत नसतो. माणसांच्या दवाखान्यात म्हणाले, कोंबडीचं आम्ही लिहीत नसतो. दोन खात्यांच्या मधोमध आजारी पडणे ही सुनेची चूक आम्हास कबूल आहे.

५. कोंबड्यांमुळेच झालं असा माझा दावा नाही. आजी सांगायची, मानमोडीच्या तापाच्या साथीत दोन जिवाच्या बाया आधी गेल्या. पण आजीकडे शिक्का नव्हता. पंचनाम्यात कोंबड्यांपुढे "कारण समजले नाही" असे लिहिले आहे (नक्कल जोडली आहे). तेवढेच सुनेपुढे लिहून द्यावे. मेलेल्या कोंबडीवर सरकारने आळ घेतला नाही. जित्या बाईवर आमच्या भावकीने घेतला आहे.

६. येत्या सोमवारी आबासाहेब दुसरी मुलगी पाहायला जाणार आहेत. तोवर कागद न आल्यास चांगुणाला माहेरी पोचवायचे ठरले आहे. पोचवायला मी जाणार आहे. परत येण्याचे ठरलेले नाही. तरी उत्तर आमच्या राणीसावरगावच्या घरच्या पत्त्यावर न पाठवता, सुनेच्या माहेरी मौजे झरी, ता. परभणी, येथे सुनेच्या व माझ्या नावे पाठवावे.

कागदाची वाट पाहणारी,
बायनाबाई
(सही माझ्याच हातची)
दि. ११ फेब्रुवारी १९८८